नकार लेखी द्या

कॉलेजच्या पहिल्या वर्षातला एक कागद मी जपून ठेवला आहे. माझाच अर्ज. विषय : परीक्षेत लेखनिकाची व वाढीव वेळेची सवलत मिळणेबाबत. खाली 'कृपा करून', त्याखाली 'नम्र विनंती', शेवटी 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी'. सात ओळींत मी तीनदा हात जोडले होते. आज तो कागद वाचताना मला अठरा वर्षांच्या त्या मुलीची चीड येत नाही. असा अर्ज करायला तिला शिकवणाऱ्यांची येते. ज्या गोष्टीसाठी ती हात जोडत होती, ती दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने तिचीच होती आणि हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं.

मी डोळखांबची. शहापूर तालुक्याच्या आत, आजोबा डोंगराच्या अलीकडचं गाव. जन्मापासून माझ्या दोन्ही हातांच्या बोटांत जोर कमी आहे. विळा धरता येतो, पण चार मुठी कापल्या की गळून पडतो. पेनाचं तेच. पहिली वीस मिनिटं अक्षर सरळ येतं, मग बोटं आखडतात, मग पेन सुटतं. गावच्या शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे बाई पेपर संपेपर्यंत माझ्याजवळ बसून राहायच्या. त्यासाठी त्यांनी कधी कागद मागितला नाही. कागद मागायला सुरुवात झाली कॉलेजात.

आमच्याकडून कॉलेजला जायचं म्हणजे सकाळच्या एसटीने शहापूर, तिथून रिक्षाने आसनगाव स्टेशन, मग लोकल. एसटी चुकली तर दिवस बुडाला. परीक्षा विभागाच्या खिडकीतून कोणी 'उद्या या' म्हणतं, तेव्हा म्हणणाऱ्याचं अर्धं मिनिट जातं. माझा आख्खा दिवस जातो, भाडं जातं, आणि बाबा सोबत असले तर त्यांच्या मजुरीचा खाडा पडतो. त्या वर्षी मी अशा सात खेपा केल्या. कॉलेजातून सरकारी रुग्णालयात, रुग्णालयातून तपासणी-मंडळ बसण्याच्या दिवशी पुन्हा रुग्णालयात, दाखल्याचा नमुना चुकला म्हणून तिसऱ्यांदा, मग परत कॉलेजात. शेवटी हातात प्रमाणपत्र आलं. त्यावर छत्तीस टक्के लिहिलं होतं.

खिडकीतले भाऊसाहेब प्रमाणपत्र बघून म्हणाले, "चाळीस नाहीत ना गं? मग बसत नाही."

एवढंच. सात खेपांचं उत्तर तीन शब्दांत, आणि तेही तोंडी. पहिल्या सत्राला मी तशीच बसले. दोन विषयांत केटी लागली. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, पण पान कोरं गेलं. गावात बातमी पोचली ती 'पोरगी नापास झाली' एवढीच. बोटं आखडली, हे गुणपत्रिकेत छापत नाहीत.

आता भाऊसाहेबांच्या त्या तीन शब्दांबद्दल बोलते, कारण राज्यातल्या किती खिडक्यांवर ते आजही बोलले जात असतील. चाळीस टक्क्यांची अट कायद्यात आहे. ती कुठे आहे? उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या, ते कलम ३२. त्या जागेसाठी चाळीस टक्के लागतात. परीक्षेत लेखनिक, वेळ, अभ्यासक्रमात गरजेचा बदल, हे सगळं कलम १६ आणि १७ मध्ये आहे आणि तिथे चाळीसचा आकडा नाही. मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असं तिथे म्हटलं आहे. राखीव जागेचा दरवाजा वेगळा आणि वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला पेपर लिहू देण्याचा दरवाजा वेगळा. आमच्या कचेऱ्यांनी दोन्हींना एकच कुलूप लावलं आणि किल्ली टक्क्यांत ठेवली.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. विकाश कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक नाकारला, कारण तो चाळीस टक्क्यांच्या अटीत बसत नव्हता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. अडचण खरी असेल तर सोय द्यायलाच हवी. त्यासाठी तीन महिन्यांत नियम करा, असंही सांगितलं. केंद्राचे नियम आले १० ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे दीड वर्षाने. पुढे बँकभरतीच्या परीक्षांवरून गुलशन कुमारला त्याच तक्रारीसाठी न्यायालयात जावं लागलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं. चार वर्षांत देशातलं सर्वोच्च न्यायालय एक वाक्य दोनदा बोलतं आणि तरी ते कॉलेजच्या परीक्षा विभागापर्यंत पोचत नाही. मी खिडकीसमोर उभी होते तेव्हा तो पहिला निकालही होता आणि ते नियमही होते.

आणि चाळीसच्या वर असलेल्यांचं तरी भलं होतं का? ओमकार गोंडचं प्रकरण बघा. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेलं, आपल्याच राज्यातलं. बोलण्यात अडथळा असलेला हा विद्यार्थी डॉक्टर व्हायला निघाला होता. त्याचं प्रमाण चाळीसच्या वर भरलं, म्हणून वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांनी त्याला अपात्र ठरवलं. हा मुलगा शिकू शकेल की नाही, हे कोणी तपासलंच नव्हतं. न्यायालयाने तपासायला लावलं, वैद्यकीय मंडळाने शिकू शकेल असं सांगितलं, तेव्हा कुठे सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा प्रवेश मोकळा झाला. छत्तीसवालीला सांगायचं तू पुरेशी दिव्यांग नाहीस, आणि पंचेचाळीसवाल्याला सांगायचं तू जरा जास्तच आहेस. दोघांना घराकडे परत पाठवणारा आकडा एकच.

या सगळ्याचं मूळ एका शब्दात आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. सवलत. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षा-नियमांत तर चक्क लिहिलं आहे की 'जादा वेळ' हा शब्द काढा, त्या जागी नुकसान भरून देणारी वेळ अशा अर्थाचा शब्द वापरा, आणि ही वेळ तासाला किमान वीस मिनिटं द्या. तीन तासांच्या पेपरला एक तास. सरकारला कळलं होतं की शब्द बदलल्याशिवाय नजर बदलणार नाही. माझी बोटं आखडल्यावर जो वेळ जातो, तो मला परत द्यायचा आहे. वरचं काही द्यायचं नाही. पण आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर आजही 'दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत' असंच लागतं आणि वर्गातली मुलं म्हणायची, 'हिची मजा आहे, हिला तासभर जास्त.' त्या मुलांवर माझा राग नाही. फलक लावणाऱ्यावर आहे.

कोणाच्या मर्जीशिवाय मिळणं कसं असतं, ते आमच्या एसटीत बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. डोळखांबच्या गाडीत कंडक्टर एकाही बाईला विचारत नाही की तुझी अडचण काय, अर्ज कुठे, शिफारस कोणाची. तो निम्मे पैसे घेतो आणि पुढच्या सीटकडे वळतो. कोणी त्याला हात जोडत नाही, कोणी त्याचे उपकार मानत नाही, आणि म्हणून कोणाची मान खाली जात नाही. पदव्यांनी भरलेल्या इमारतीत जे जमत नाही, ते खडखडत जाणाऱ्या गाडीत रोज होतं.

लेखनिकाचं पाहा. माझ्या वेळी नियम होता, विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणावा किंवा संस्थेकडे मागावा, निवड विद्यार्थ्याची. स्वतःचा आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं होतं. प्रत्यक्षात दुसरा पर्याय कोणी सांगतच नाही. 'तुमचा रायटर तुम्ही आणा' हे एकच वाक्य ऐकू येतं. पहिल्या सत्राच्या परीक्षा येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शहापूर-मुरबाडकडे ते दिवस भातकापणीचे. अकरावी-बारावीची पोरं शेतात असतात. घरचं भात आडवं पडलेलं असताना 'माझा पेपर लिहायला चल' असं मी कोणाच्या आईला सांगू? 'चालेल' म्हटलं तरी सहा पेपर म्हणजे सहा दिवस, त्याचं भाडं, त्याचं खाणं. मराठी नीट लिहील, माझं बोलणं ऐकेल, स्वतःचं घुसडणार नाही, असं पोरगं शोधायला मी तीन पाडे फिरले आहे. अभ्यासाचे दिवस त्यात गेले. आणि याच कॉलेजांना नॅकच्या मूल्यांकनात दिव्यांगांसाठी उतार, स्वच्छतागृह, वाचक, लेखनिक यांची माहिती भरून द्यायची असते. तिथे 'लेखनिक उपलब्ध' अशी खूण करायची आणि खिडकीवर विद्यार्थ्याला पाड्यापाड्यातून फिरायला लावायचं, याला माझ्याकडे एकच शब्द आहे. खोटेपणा.

मला पुढचा प्रश्न माहीत आहे, कारण तो तोंडावर विचारला गेला आहे. 'बोगस प्रमाणपत्रं किती निघतात, माहीत आहे ना?' माहीत आहे. २०२४ मध्ये अशा आरोपाचं एक प्रकरण गाजलं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पण खोटा दाखला मिळवायला ओळख लागते, पैसा लागतो. सकाळच्या एसटीने सात खेपा मारणाऱ्यांची ती जात नव्हे. खोटं करणाऱ्याला पकडा, शिक्षा करा. पण ज्यांनी फसवलं ते खालून निसटतात आणि त्यांच्या नावाचा संशय आमच्या दाखल्यावर शिक्का होऊन बसतो, हे मी मान्य करणार नाही.

दुसरं उत्तर जास्त गोड असतं आणि मला जास्त झोंबतं. 'आपल्या ठाणे जिल्ह्यातली प्रांजल पाटील बघ. दिसत नसताना आयएएस झाली. तू हिंमत ठेव.' उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांची गोष्ट सांगणारे अर्धीच सांगतात. पहिल्यांदा परीक्षा पार केल्यावर त्यांना रेल्वेच्या लेखासेवेत घ्यायला नकार मिळाला होता, दृष्टी नाही म्हणून. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक काढला. म्हणजे जे एकदा करून दाखवलं होतं, ते त्यांना दुसऱ्यांदा करून दाखवावं लागलं. हा त्यांचा मोठेपणा आहे आणि व्यवस्थेची लाज आहे. त्यातला मोठेपणा मला सांगून लाज झाकू नका. तीन तासांचा पेपर द्यायला हिंमत लागत असेल, तर पेपर घेणाऱ्याचं काहीतरी चुकलं आहे.

दुसऱ्या सत्राला मी अर्ज बदलला. माझ्या एका शिक्षिकेने २०२२ चे नियम छापून माझ्या हातात दिले. त्या शिक्षिकेचे उपकार मात्र मी मानते. नव्या अर्जात 'कृपा' नव्हती, 'विनंती' नव्हती. कायद्याचं नाव, कलमं, विकाश कुमार निकालाची तारीख, आणि मला काय लागेल ते. शेवटी एक ओळ : सोय नाकारायची असल्यास कारणासह लेखी कळवावे. भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला. मला बसायला खुर्ची दिली. कागद आत गेला. दुपारच्या लोकलआधी मंजुरी माझ्या हातात होती. माझी बोटं तीच, टक्के तेच छत्तीस, कॉलेज तेच. मागच्या खेपेला जे 'बसत नव्हतं' ते एका ओळीने बसलं, कारण त्या नकाराखाली कोणालाच स्वतःची सही नको होती. माझ्या दोन केटी तोंडी शब्दावर लागल्या होत्या, हे मला त्या दुपारी आसनगावला उतरताना कळलं आणि फलाटावर मी रडले.

सही का नको होती, तेही सांगते. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात भेदभावाची व्याख्या आहे आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. कायदा मोडल्यास पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास पन्नास हजार ते पाच लाख. पुण्याला दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. पण तक्रार कागदावर चालते. तोंडी नकाराला तारीख नसते, जावक क्रमांक नसतो. 'आम्ही नाही म्हटलंच नव्हतं' असं उद्या कोणीही म्हणेल.

मी पदवी घेतली. आता गावात शिकवण्या घेते आणि आजूबाजूच्या पाड्यांतली पोरं कॉलेजला निघाली की त्यांचे अर्ज लिहून देते. माझं मागणं कॉलेजांकडे एकच आहे. प्रवेशाच्या अर्जावर जात विचारता, उत्पन्न विचारता, रक्तगटही विचारता; तिथेच विचारा, 'वर्गात आणि परीक्षेत तुम्हाला काय लागेल?' उत्तर आलं की पुढचं काम तुमचं. लेखनिक तुम्ही शोधा, परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याची आणि विद्यार्थ्याची भेट घालून द्या, नियमात तसं लिहिलं आहे. त्याचं भाडं तुम्ही द्या. विद्यार्थ्याला दुसरी खेप पडता कामा नये.

आणि खिडकीसमोर उभ्या असलेल्या माझ्या भावाबहिणींनो, अर्जातला 'सवलत' शब्द खोडा. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवा, तिच्यावर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. कोणी 'बसत नाही' म्हणालं तर भांडू नका, रडू नका, परतही फिरू नका. कोरा कागद पुढे करा आणि सांगा, हेच यावर लिहून खाली सही करा.