भाषा घरात, लिपी बाहेर

परभणी, पाथरी, जिंतूरकडच्या मुस्लिम मुलामुलींना किती भाषा येतात, हे एकदा मोजून बघा. घरात दखनी, बाजारात आणि कचेरीत मराठी, टीव्हीवर हिंदी, शिवाय लहानपणी मकतबात गिरवलेली अरबी अक्षरं. तरीही यांच्यातले फार थोडे पत्रकारितेकडे वळतात आणि वळले तर यातल्या निम्म्या भाषा लपवून ठेवतात.

लंडनच्या सोआसमध्ये जागतिक माध्यमं आणि संज्ञापन या विषयाच्या एम.ए.ला एखाद्या भाषेच्या सखोल अभ्यासाची जोड मिळत आली आहे. ज्या समाजाची बातमी द्यायची, त्याची भाषा आली पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार. त्याच संस्थेत राल्फ रसेल यांनी १९४९ ते १९८१ उर्दू शिकवली. गोऱ्या पोरांनी फी भरून जी लिपी शिकली, ती आपल्याकडे आजोबांबरोबर कबरीत चालली आहे.

याची गरज लंडनलाच असते असंही नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा निजामकाळातली कागदपत्रं उर्दूत आणि मोडीत निघाली. ती वाचायला जाणकार शोधावे लागले. मराठी वाहिन्यांवर रोज चर्चा झडत होती, पण मूळ कागद स्वतः वाचून बोलणारा वार्ताहर मला तरी दिसला नाही. जमिनीच्या जुन्या वादांपासून वक्फपर्यंत मराठवाड्यातल्या कितीतरी बातम्या या लिपीपाशी अडतात.

यात आपलाही दोष आहे. उर्दू माध्यमातल्या मुलांची मराठी कच्ची राहते. मराठी माध्यमातली मुलं उर्दू बोलतात, पण घरातलं जुनं पत्र त्यांना वाचता येत नाही. अरबीचं तर विचारूच नका: कुरआन अस्खलित वाचणाऱ्याला अल जझीराच्या अरबी बातमीतली एक ओळ कळत नाही.

परदेश सगळ्यांना परवडत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेस’ योजनाही २०२२-२३ पासून बंद झाली. पण परभणी ज्याच्या कार्यक्षेत्रात येतं, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात पत्रकारितेचं एम.ए. उर्दूतून होतं, आणि देवगिरी एक्सप्रेस परभणीहून थेट सिकंदराबादला जाते. उर्दू माध्यमातून आलेल्यांनी मराठी लेखन पक्कं करावं, मराठीतून आलेल्यांनी उर्दू लिपी शिकावी, आणि दोघांनी अरबी समजून घ्यायला सुरुवात करावी. एम.ए.ची दोन वर्षं त्याला पुरतात. नांदेडच्या संकुलाने हे अभ्यासक्रमातच घ्यावं, असा अर्ज परभणीच्या विद्यार्थ्यांनी मिळून द्यायला हरकत नाही. त्याचं उत्तर येईपर्यंत मोहल्ल्यातल्या एखाद्या निवृत्त उर्दू मास्तरांकडे संध्याकाळी तासभर बसावं. ते फी घेणार नाहीत, चहा मात्र पाजतील.