लेकरू शाळेत मुके येत नाही

औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतील मराठी लेकराला परभाषेच्या वर्गात बसवताना त्याला भाषा अजून यायचीच आहे, असे गृहीत धरले जाते. या गृहीतकालाच आमची हरकत आहे.

तीन वर्षांचे मूल ‘मी काम करलं’ म्हणते तेव्हा आपण हसतो. परंतु घरातील मोठ्यांच्या तोंडी ‘करलं’ नसते. ‘धरलं’, ‘भरलं’ ही रूपे ऐकून मुलाने नियम स्वतः शोधलेला असतो. ‘केलं’ हा अपवाद ते मागाहून शिकते. त्याहीआधी त्याचा कान तयार होतो. जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवले की, इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांचा भेद ओळखतात. वर्षाच्या सुमारास ती क्षमता मावळते, कारण तोवर कान घरच्या भाषेशी जुळलेला असतो.

वाचणे म्हणजे ओळखीच्या शब्दाला अक्षरांत ओळखणे. शब्दच अनोळखी असेल, तर अक्षर, उच्चार आणि अर्थ ही तिन्ही ओझी मूल एकदम उचलते. अखेर ते फळ्यावरचे नुसते उतरवून घेते.

कन्नडला आमचा विरोध नाही. मुले दोन भाषा सहज पेलतात. मात्र शाळेत दुसरी भाषा पहिलीच्या आधाराने यावी, तिला बाजूला सारून नव्हे. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत आणि कन्नडमध्येही पदे रचली. बसवेश्वरांनी बाराव्या शतकात याच कल्याणात धर्म सांगितला तो लोकांच्या बोलीत. तोच न्याय मराठी लेकराला नाकारणे या भूमीला शोभत नाही.

आता कायदा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यास सांगतो. त्याआधी ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असल्यास त्या भाषेचा शिक्षक नेमण्याचे ठरवले होते. अनुच्छेदात ‘प्रयत्न’ असाच शब्द आहे, असा युक्तिवाद होईल. परंतु शिक्षकाची जागा रिकामी ठेवायची आणि मग पट घटला म्हणून बोट दाखवायचे, याला कोणतेही न्यायालय प्रयत्न म्हणणार नाही.

६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच खटल्यात माध्यमाची निवड पालकांची ठरवली. निवड खरी असायची, तर मराठी शाळेचे दार उघडे हवे. मात्र याच निकालाने जबाबदारीही आपल्यावर टाकली आहे. मेळाव्यात मराठीचा जयघोष करून लेकरांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवणारे आपणच आहोत. आम्ही वकील मंडळीही त्याला अपवाद नाही. सरकारविरुद्धचा आपला दावा तिथेच लंगडा पडतो.

म्हणून यंदा आधी मराठी शाळेत नावे घालू या. हातात पट असला, की शिक्षक मागताना आपल्याला विनवणी करावी लागणार नाही; आपण हक्क सांगू.