मिशिगनचा सर्वकालीन संघ: टॉम ब्रेडी बाहेर का?

मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ पहिला सामना खेळला तो ३० मे १८७९ रोजी, शिकागोत, रसीन कॉलेजविरुद्ध. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेरीलँडला हरवून या संघाने हजारावा विजय नोंदवला. कॉलेज फुटबॉलमध्ये हा आकडा गाठणारा हा पहिलाच संघ. एवढ्या जाड वहीतून एकच सर्वकालीन संघ निवडायचा म्हटले की वाद नावांवरून पेटतो. खरे तर तो आधी कसोटीवरून व्हायला हवा. कसोटी ठरली नसेल तर ज्याने जो काळ पाहिला त्याचा त्याचा संघ तयार होतो. नव्वदच्या दशकात डेट्रॉईटकडे स्थिरावलेल्या मराठी माणसाच्या संघात हॉवर्ड आणि वुडसन असतात, अ‍ॅन आर्बरला शिकलेल्या त्याच्या मुलीच्या संघात कोरम आणि मॅकार्थी. दोघांच्याही संघात १९५० पूर्वीचा एखादाच खेळाडू सापडतो, आणि तोही मैदानाच्या फलकावर नाव दिसते म्हणून.

पहिली अडचण अशी की ‘फुटबॉल’ या एका नावाखाली निरनिराळे खेळ येतात. फील्डिंग यॉस्ट १९०१ साली प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा टचडाउनला पाचच गुण मिळत, मैदान ११० यार्डांचे होते, तीन डावांत पाच यार्ड काढावे लागत आणि चेंडू पुढे फेकायला बंदी होती. ती १९०६ मध्ये उठली. त्या पहिल्याच मोसमात यॉस्टच्या संघाने ११ सामन्यांत ५५० गुण केले आणि एकही गुण दिला नाही. १ जानेवारी १९०२ ला पॅसाडेनात स्टॅनफर्डविरुद्ध ४९–० अशी आघाडी असताना, आठ मिनिटे शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने सामना सोडला. मिशिगनचे सुरुवातीचे अकराजण शेवटपर्यंत मैदानात होते, एकही बदली खेळाडू आत आला नाही. १९०१ ते १९०५ या पाच मोसमांत मिळून २८२१ गुण केले आणि ४२ दिले. ‘मिनिटाला गुण’ हे त्या संघांचे टोपणनाव तेव्हापासूनचे. त्यांचा हाफबॅक विली हेस्टन याचे टचडाउन बहुतेक याद्यांत ७२ दिलेले असतात, पण ते कोणी आणि कसे मोजले हा प्रश्न उरतोच, कारण एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेची अधिकृत आकडेवारी १९३७ पासून सुरू होते.

त्यानंतरचे आकडेही एका तागडीत घालता येत नाहीत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळण्याची मुभा मिळाली १९७२ मध्ये. म्हणून १९४० पर्यंत खेळलेल्या टॉम हार्मनच्या वाट्याला तीनच मोसम आले, आणि त्यांत मिळून २४ सामने. २०२३ चा मिशिगन संघ एकाच मोसमात १५ सामने खेळला. हार्मनच्या काळी मिशिगन मोसमाअखेरच्या बोल सामन्यांना जातच नसे. १९०२ नंतरचा पुढचा बोल सामना थेट १९४८ चा. शिवाय बोल सामन्यांतली कामगिरी एनसीएएच्या वैयक्तिक आकडेवारीत धरली जाऊ लागली ती २००२ पासून. अशा स्थितीत माइक हार्टच्या चार वर्षांतल्या ५०४० यार्डांपुढे हार्मनचे यार्ड ठेवून निकाल लावणे म्हणजे अर्ध्या वाटेवर मोजपट्टी बदलण्यासारखे आहे. मर्चंट मोठा की गावसकर, या वादात ज्यांनी रात्री जागवल्या आहेत त्यांना हे नवीन नाही.

म्हणून कसोटी दोनच गोष्टींची असावी. खेळाडू आपल्या काळच्या नियमांत, आपल्या काळच्या इतरांपेक्षा किती पुढे होता? आणि हे त्याने मिशिगनच्या गणवेशात केले का? दुसरा प्रश्न साधा दिसतो, पण खरी पडझड त्यानेच होते.

तिसरा प्रश्न संघात अकरा असावेत की बावीस. १९४० पर्यंत तेच अकराजण चढाईही करत आणि बचावही. १९४१ मध्ये खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले, पण त्याचा पुरता उपयोग केला मिशिगनच्या फ्रिट्झ क्रिस्लरने, ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर. समोर आर्मीचा संघ, त्या वर्षीचा देशातला सर्वांत बलाढ्य. क्रिस्लरच्या हाताशी युद्धामुळे उरलेली पोरेसोरे. त्याने चढाईला एक तुकडी आणि बचावाला दुसरी अशी सरळ वाटणी केली. सामना २८–७ असा गेला, पण आजचा बावीसजणांचा खेळ त्या पराभवातून निघाला. १९५३ मध्ये नियम पुन्हा आवळले गेले आणि साठच्या दशकाच्या मध्याला पुन्हा मोकळे झाले. तेव्हा सर्वकालीन संघ बावीसचाच हवा, फक्त जुन्या दुहेरी खेळाडूला जिथे त्याची जागा दुसरा कोणी घेऊ शकत नाही तिथे बसवावे.

आता टॉम ब्रेडी. सात सुपर बोल जिंकलेला माणूस मिशिगनच्या सर्वकालीन संघात नाही म्हटल्यावर ऐकणारा आधी हसतो. पण मिशिगनमध्ये ब्रेडी १९९८ आणि १९९९ असे दोनच मोसम मुख्य क्वार्टरबॅक होता. त्याने सुरू केलेल्या २५ सामन्यांपैकी २० जिंकले, आणि १९९९ च्या मोसमात सुरुवातीला त्याला ड्रू हेन्सनबरोबर जागा वाटून घ्यावी लागली. मिशिगन ज्यात खेळते त्या बिग टेन गटाच्या पहिल्या संघातही त्याची निवड कधी झाली नाही. १ जानेवारी २००० चा ऑरेंज बोल, अलाबामाविरुद्ध ३६९ यार्ड, चार टचडाउन पास आणि जादा वेळेत ३५–३४ असा विजय, ही त्याची मिशिगनमधली खरी मोठी संध्याकाळ. ती एकच. एनएफएलने त्याला १९९ व्या क्रमांकावर उचलले, आणि या क्रमांकाला आता सगळे हसतात. पण ड्राफ्टमधला क्रमांक ही कॉलेजातल्या खेळावर दिलेली पावती असते, पुढे काय होणार याची हमी नव्हे. ती पावती फार चुकलेली नव्हती. पुढचे वीस वर्षांचे कर्तृत्व मिशिगनच्या खाती जमा करणे म्हणजे मुलगा पुढे कलेक्टर झाला म्हणून त्याचे दहावीचे गुण वाढवण्याचा प्रकार.

मग क्वार्टरबॅक कोण? जे. जे. मॅकार्थीचा हिशेब २७ विजय आणि एक पराभव असा आहे, आणि २०२३ चे राष्ट्रीय विजेतेपदही त्याचेच. पण त्याच मोसमात पेन स्टेटविरुद्ध मिशिगनने ओळीने ३२ वेळा चेंडू पळवला आणि दुसऱ्या अर्धात मॅकार्थीच्या नावावर एकही पास लागला नाही, तरी सामना जिंकला. तो उत्तम संघाचा उत्तम क्वार्टरबॅक होता, पण संघ त्याच्यामुळे उभा होता असे म्हणता येत नाही. रिक लीच चार वर्षे त्या जागेवर खेळला, चॅड हेन्नीही. डेनार्ड रॉबिन्सनने क्वार्टरबॅक असून ४४९५ यार्ड पळून काढले. तो बघायला सर्वांत सुंदर, पण पास फेकताना बेभरवशाचा.

कसोटी काटेकोर लावली तर जागा जाते बेनी फ्रीडमनकडे. तो १९२४ ते १९२६ या काळात खेळला. तेव्हाचा चेंडू आजच्यापेक्षा गुबगुबीत आणि हातात न मावणारा. गोलरेषेमागे पास जमिनीवर पडला तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याकडे जाई. १९२६ पासून तर एका आवर्तनातल्या पहिल्या पासनंतर प्रत्येक फसलेल्या पासला पाच यार्डांचा दंड लागे. म्हणजे पास हा नाइलाजाने खेळायचा जुगार होता. त्या दिवसांत फ्रीडमनने तो संघाच्या खेळाचा कणा केला. १९२५ मध्ये मिशिगनने २२७ गुण केले आणि अख्ख्या मोसमात तीनच दिले. ते तीन गुण शिकागोच्या सोल्जर फील्डवर, चिखलात, नॉर्थवेस्टर्नने काढले आणि तेवढ्यावर मिशिगन ३–२ असे हरले. यॉस्ट आपल्या सगळ्या संघांत या संघाला पहिला मान देई. फ्रीडमनचे पास ज्याच्या हातात पडत तो बेनी ऊस्टरबान सलग तीन वर्षे ऑल-अमेरिकन ठरला; त्याचा ४७ क्रमांक निवृत्त झाला आहे. एंडची एक जागा त्याची, त्यावर चर्चाच नको.

चेंडू झेलणाऱ्यांत ऊस्टरबाननंतर तीनदा ऑल-अमेरिकन ठरला तो अँथनी कार्टर. आकड्यांत ब्रेलन एडवर्ड्स त्याच्या पुढे आहे: २५२ झेल, ३५४१ यार्ड, ३९ टचडाउन. कार्टरचे १६१ झेल, ३०७६ यार्ड, ३७ टचडाउन. पण कार्टर प्रशिक्षक बो शेम्बेक्लरच्या संघात खेळला, आणि बोसाठी पास म्हणजे घरात पाहुणा आल्यावर काढायची कपबशी. एडवर्ड्सने साधारण साडेसहा झेलांमागे एक टचडाउन केला, कार्टरने साडेचारही झेल घेतले नाहीत तोवर एक. १९७९ मध्ये इंडियानाविरुद्ध २१–२१ अशी बरोबरी, घड्याळात सहा सेकंद. क्वार्टरबॅक वँगलरने मधल्या भागात चेंडू दिला आणि जेमतेम शरीरयष्टीचा हा पहिल्या वर्षाचा पोरगा पकडणाऱ्यांच्या हातांतून निसटत, अडखळत, ४५ यार्ड कापून गोलरेषेपलीकडे गेला. दुसरी जागा डेस्मंड हॉवर्डची. १९९१ चा हाइसमन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, आणि ओहायो स्टेटविरुद्धचा ९३ यार्डांचा पंट रिटर्न त्याच्या नावावर आहे. एडवर्ड्स बाकावर बसतो, आणि याचे वाईट वाटायला हरकत नाही.

चेंडू घेऊन पळणाऱ्यांत हार्मन निर्विवाद. नोव्हेंबर १९४० मध्ये कोलंबसला ओहायो स्टेटविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याने तीन टचडाउन पळून केले, दोन पास फेकून करवले, चार जादा गुण लाथेने मारले आणि पंटिंगही केले. मिशिगन ४०–० असे जिंकले आणि तो मैदानाबाहेर जाताना ओहायोचे प्रेक्षक उठून टाळ्या वाजवत होते. या दोन विद्यापीठांमधले वैर ज्यांना ठाऊक आहे त्यांना या टाळ्यांची किंमत कळेल. त्याच्या जोडीला हार्ट की ब्लेक कोरम? यार्ड हार्टचे जास्त, पण हार्टच्या चारही वर्षांत मिशिगन ओहायो स्टेटकडून हरले. कोरमने एका मोसमात २७ आणि कारकिर्दीत ५८ टचडाउन पळून केले, तेही मिशिगनला पुन्हा वर आणणाऱ्या संघांत. निवड कोरमची.

समोरच्या फळीला आकडे नसतात, म्हणून तिथे हात आखडतो. टॅकलच्या जागी डॅन डिअरडॉर्फ आणि २००८ च्या ड्राफ्टमध्ये पहिला उचलला गेलेला जेक लाँग. गार्डला स्टीव्ह हचिन्सन. विस्टर्ट बंधूंचा अपवाद मात्र करायला हवा. फ्रान्सिस, अल्बर्ट आणि अल्विन हे तिघे भाऊ, तिघे टॅकल, तिघांचा क्रमांक ११ आणि तिघे ऑल-अमेरिकन. अल्विन आधी मरीन दलात नोकरी करून आला होता, १९४९ मध्ये तो ३३ वर्षांचा होता. बचावाच्या फळीत एकाला घ्यायचे तर अल्बर्टला घ्यावे. सेंटरला डेव्हिड मोल्क. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड १९३४ मध्ये याच जागेवर खेळला आणि संघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण तो संघ सातदा हरला आणि एकदाच जिंकला.

तो एकमेव विजय जॉर्जिया टेकविरुद्धचा, आणि सर्वकालीन संघाच्या यादीतली खरी पोकळी त्याच सामन्यात दिसते. जॉर्जिया टेकने कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध खेळायला नकार दिला आणि मिशिगनने आपला एंड विलिस वॉर्ड याला बाहेर बसवले. बदल्यात जॉर्जिया टेकनेही आपला एक एंड बसवला. फोर्ड वॉर्डचा मित्र. तो संघ सोडण्याच्या विचारापर्यंत आला होता. वॉर्ड १९३२ आणि १९३३ च्या विजेत्या संघांत होता, आणि १९३५ मध्ये त्याने धावण्याच्या शर्यतीत जेसी ओवेन्सला हरवले. त्याआधीचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉर्ज ज्युएट १८९२ मध्ये शेवटचा खेळला. मधल्या चाळीस वर्षांत एकही नाही, आणि यॉस्टची सगळी कारकीर्द त्या चाळीस वर्षांतली. वॉर्डला केवळ सहानुभूतीपोटी जागा देऊ नये, ऊस्टरबान आणि रॉन क्रेमर एंड म्हणून त्याच्या पुढे आहेत. पण १९३२ पूर्वीच्या प्रत्येक नावापुढे हे धरून चालावे लागते की त्याची तुलना ज्यांच्याशी झाली ते सगळे नव्हते.

बचावात काम सोपे आहे. चार्ल्स वुडसन, १९९७, कॉर्नर. मुख्यतः बचावात खेळून हाइसमन मिळवणारा पहिला. त्या मोसमातल्या ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात त्याने ७८ यार्डांचा पंट रिटर्न टचडाउनपर्यंत नेला, एक पास पळवला आणि चढाईला येऊन ३७ यार्डांचा झेलही घेतला. मिशिगन २०–१४ असे जिंकले. सेफ्टीला टॉम कर्टिस, तीन मोसमांत २५ इंटरसेप्शन. फळीत मार्क मेस्नर आणि एडन हचिन्सन. एडनने २०२१ मध्ये १४ सॅक केले, त्यातले तीन बर्फ पडत असताना ओहायो स्टेटविरुद्ध. लाइनबॅकरला मात्र जर्मनी शुल्झ घ्यावा. तो १९०४ ते १९०८ या काळातला सेंटर, पण बचावात फळीपासून मागे सरकून उभे राहणे आणि चेंडूमागे धावणे ही कल्पना त्याच्या नावावर आहे. जागाच ज्याने निर्माण केली त्याला तिथून बाहेर ठेवता येत नाही. किकर जेक मूडी.

उरला प्रशिक्षक. यॉस्टने पाया घातला, पण त्याच्या संघात वॉर्डला जागा मिळाली नसती. बोने २१ मोसमांत १९४ सामने जिंकले, राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. फ्रीडमनचे पास, हार्मनचे धावणे आणि कोरमचा जोर एकाच खेळात बसवायचा तर खेळाडूंची कुठे वाटणी करायची हे कळणारा माणूस हवा. क्रिस्लरने हार्मनला घडवले, १९४५ मध्ये संघाचे दोन तुकडे केले आणि १९४७ च्या शेवटच्या मोसमात दहाही सामने जिंकून दक्षिण कॅलिफोर्नियाला पॅसाडेनात ४९–० असे हरवले, म्हणजे १९०२ चाच गुणफलक पुन्हा लावला.