परसांतील चार घटका : कोलंबाइन

गतवर्षीं मे-जूनमध्यें आम्हांस अमेरिकेंत डेन्व्हर येथें चिरंजीवांकडे राहण्याचा योग आला. तेथें सौ. सूनबाईच्या बागेंत कोलंबाइनचें फूल आम्ही प्रथम पाहिलें. पांच पाकळ्या, प्रत्येकीमागें लांब पोकळ नळी, नळीच्या टोकाशीं मध. त्या नळ्यांत कोणास गरुडाचीं नखें दिसलीं, तर कोणास एकत्र बसलेलीं पांच कबुतरें. ‘अक्विलेजिया’ हें शास्त्रीय नांव लॅटिनमधील गरुडावरून पडलें असें म्हणतात, तर ‘कोलंबाइन’ हें कपोतवाचक शब्दावरून. या कुळांतील कांहीं जाती आपल्या काश्मिरांतही उगवतात; पुण्या-मुंबईच्या उष्म्यांत मात्र हें झाड टिकणें कठीण. तेव्हां ज्यांचे आप्त थंड प्रदेशीं आहेत, त्यांच्यासाठींच ही माहिती.

बीं मातीवर नुसतें पसरावें, पुरूं नये. त्यास उजेड लागतो. उगवण्यापूर्वीं तीन-चार आठवडे थंडी मिळावी, म्हणून हिंवाळ्याच्या तोंडीं पेरणें सोयीचें. अर्धी सावली आणि ओलसर, पण पाणी न सांचणारी जमीन यास मानवते. फुलें बहुधा दुसऱ्या वर्षीं येतात. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्यास तीं पानें खुडावीं. बीं व मूळ विषारी असल्यानें मुलाबाळांस जपावें.

मुख्य गोष्ट मुळाची. या झाडाचें सोटमूळ खोल जातें. सूनबाईनें तीन वर्षांचें बहरलेलें झाड कुंपणाजवळून काढून दारापाशीं लाविलें. सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही तें आठवड्यांत सुकलें. तिला फार हळहळ वाटली. परंतु जुन्या जागीं त्याचेंच बीं पडून इवलीं रोपें आलीं होतीं. त्यांतील दोन आम्हीं मातीच्या गोळ्यासकट उचलून दारापाशीं लाविलीं.

कोलोरॅडो राज्यानें १८९९ सालीं रानांतील निळें-पांढरें कोलंबाइन आपलें राज्यपुष्प ठरविलें. पुढें १९२५ च्या कायद्यानें सरकारी जमिनीवरील त्याचें रोप मुळासकट उपटण्यास बंदी केली. फुलेंही एका दिवसांत पंचविसांहून अधिक तोडतां येत नाहींत. आम्हांस हा कायदा मोठा शहाणपणाचा वाटला.

आम्हीं उभयतांनीं कायमचें तेथेंच राहावें, असा चिरंजीवांचा आग्रह होता. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं तो विषय पुन्हां काढला, तेव्हां आम्हीं त्या सुकलेल्या झाडाकडे बोट दाखविलें. ते कांहीं बोलले नाहींत. नातू शेजारींच झारीनें नव्या रोपांस पाणी घालीत होता.

दोन्ही रोपें यंदा फुललीं, असें त्यानें आजीस कळविलें आहे.