आधी ताबा, मग डाव

मंडळी, नातू ब्राझिलियन जुजुत्सू शिकतो, त्यामुळे या वयात मलाही त्यातलं थोडं कळू लागलंय. समोरच्याला पाठीवर पाडायचं आणि बाजूने आडवं होऊन छातीने दाबून धरायचं, याला ते 'साइड कंट्रोल' म्हणतात. तिथून लगेच हात पिरगळायची पोरांना घाई! माझं मत असं, की आधी ताबा, मग डाव.

एक हात त्याच्या मानेखाली, दुसरा पलीकडच्या काखेखालून, आपला गुडघा त्याच्या कमरेशी. मग त्याला कुशीवर वळता येत नाही. वैतागून तो ढकलायला हात लांब करतो, आणि तोच हात आपल्याला सापडतो. १९५१ साली रिओत मासाहिको किमुरांनी एलिओ ग्रेसींना आधी खाली दाबून धरलं, हात नंतर पिरगळला. तो डाव आज 'किमुरा' म्हणूनच ओळखला जातो.

ताबा पक्का असला की हात सावकाश वळवता येतो, समोरच्याला थाप मारून हार मानायला वेळ मिळतो. ताबा नसला की हिसका द्यावा लागतो, आणि खांदे दुखावतात ते अशा हिसक्यांनी.

ज्युदोत नुसतं २० सेकंद धरून ठेवलं तरी लढत जिंकता येते. जुजुत्सूत मात्र धरून ठेवण्याचे वेगळे गुण नाहीत. मोठ्या वर्गात पाढ्यांनाही कुठे गुण असतात? पण त्यांच्यावाचून गणित अडतंच ना!

तुम्हाला काय वाटतं?