मिठाचे दाणे आणि मामूंचे शेत

सुट्टीतला हा प्रयोग आम्ही बारामतीत घरी आधी करून पाहिला आणि फसलो, म्हणून आधी फजितीच सांगतो.

पाणी उकळले, विरघळेल तितके मीठ घातले, दोरा सोडून रात्रभर ठेवले. फज्रला उठून मुलांनी पाहिले तर दोरा कोराच! चूक आमची होती. तुरटी गरम पाण्यात भरपूर विरघळते आणि गार होताच खडे धरते. मिठाचे तसे नाही. 100 ग्रॅम पाण्यात साध्या तापमानाला ते सुमारे 36 ग्रॅम विरघळते, उकळत्या पाण्यात जेमतेम 39. गार करून हाती काही लागत नाही, पाणी उडूनच जावे लागते.

म्हणून खडे मीठ घ्या. बारीक मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात काही मिसळलेले असते, त्याने पाणी गढूळ होते. द्रावण फडक्याने गाळून पसरट बशीत ओता आणि बशी हलवू नका. काही दिवसांत चौकोनी दाणे दिसतील. पावसाळ्यात मात्र नको, हवा दमट असते.

आमच्या धाकटीने बशी सोडून मातीचा वाडगा घेतला. चार दिवसांनी वाडग्याला बाहेरून पांढरी खरपुडी! "अम्मी, हे मामूंच्या शेतासारखं दिसतंय."

आम्ही गप्पच झालो. भाईजानचे शेत इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर. 1885च्या सुमारास हा कालवा आला, कोरडवाहू रान बागायती झाले, पुढे ऊस आला. पाणी देत गेले, जमिनीखालचे पाणी वर चढले. वातीतून तेल चढावे तसे ते मातीतून वर येते, उन्हाने उडते, क्षार वर राहतात. अम्मी सांगतात, त्या कोपऱ्यात पूर्वी जोंधळा डोक्याएवढा व्हायचा. आता तिथे उसाचे डोळेही फुटत नाहीत. भाईजान म्हणत होते, भरपूर पाणी सोडून धुऊन काढू. निचरा नसताना तसे केले तर खालचे पाणी आणखी वर येणार. आधी चर हवा. जमीन चोपण झाली असेल तर जिप्समही लागते, आणि ते माती तपासल्याशिवाय कळत नाही.

ईदला ते घरी आले तेव्हा धाकटीने वाडगा त्यांच्या हातात दिला. शिरखुर्मा निवला तरी ते तो फिरवून पाहत होते. मग म्हणाले, "कृषी विज्ञान केंद्रात माती किती न्यावी लागते गं?"

"अर्धा किलो पुरते," आम्ही म्हणालो. पिशवी धाकटीनेच आणून दिली.