नर्सबाईची पीएच.डी.

गोदीत हात चेंगरलेल्या सोबत्यापाशी एका सरकारी वॉर्डात रात्र काढली. नर्स एक, खाटा पन्नास. बाई नुसती धावतेय, वर शिव्या खातेय. एक शिवी माझीही होती. अमेरिकेत लिंडा एकेन या नर्सबाईने डॉक्टरेट केली, मग पेनसिल्व्हेनियातली 168 हॉस्पिटलं तपासली. 2002 साली छापलं : नर्सच्या अंगावर एक पेशंट वाढला, की ऑपरेशनवाल्यांच्या मरणाची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. म्हणजे माणूस मारते ती न भरलेली जागा! आपल्याकडेही नर्सबाया पीएच.डी. करतायत. त्यांनी इथल्या खाटा मोजाव्यात. आणि गू-मूत काढणाऱ्या आयाबाईची जातही लिहावी. थिसिसात तिला 'सहाय्यक कर्मचारी' म्हणून झाकू नये.